वाट देणं हीसुद्धा सेवाच



सेवा म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे हात येतात. पंगतीत वाढणारे हात, पाय चेपणारे हात, केर काढणारे, पोळ्या लाटणारे हात. सेवा म्हणजे पुढे होऊन काहीतरी करणं, हे आपल्या अंगवळणी पडलेलं आहे, आणि ते चांगलंच आहे. पण एक प्रश्न आपण फारसा विचारत नाही. ज्याचं भलं व्हावं असं आपल्याला वाटतं, त्याच्या वाटेत आपणच उभे असलो तर? अशा वेळी सेवा कशाला म्हणायचं? पुढे होण्याला, की बाजूला होण्याला?

या अंकात या प्रश्नाचा विचार एका लहानशा पक्ष्याच्या सोबतीने करू या. आपल्या ग्रुपमधल्या बऱ्याच घरांतली मुलं, सुना, जावई नोकरीनिमित्त मेलबर्नला आहेत. बडोद्याहून, इंदूरहून, बेळगावहून आई-वडील तिकडे गेले की एक सहल जवळजवळ ठरलेली असते, ती म्हणजे फिलिप बेटावर संध्याकाळी पेंग्विन बघायला जाणं. परत आल्यावर पक्ष्यांचं कौतुक होतंच, पण त्यासोबत एक तक्रारही ऐकू येते, “सगळं छान होतं, पण फोटो काही काढू दिले नाहीत हो!” या फोटो न काढू देण्याच्या मागे मोठी गोष्ट आहे. तीच आज सांगायची आहे.

आधी पक्ष्याची ओळख

पेंग्विन म्हटलं की आपल्याला बर्फ आठवतो. मुंबईच्या राणीच्या बागेत २०१६ साली दक्षिण कोरियातून आणलेले पेंग्विन आपल्यातल्या अनेकांनी नातवंडांना दाखवले असतील. ते हम्बोल्ट जातीचे, आणि त्यांना तिथे थंड केलेल्या काचघरात ठेवावं लागतं. फिलिप बेटावरचा पेंग्विन वेगळा. तो बर्फात राहत नाही. ऑस्ट्रेलियाचा दक्षिण किनारा आणि न्यूझीलंड हे त्याचं घर. वाळू, गवत, झुडपं, आणि उन्हाळ्यात चांगलंच तापणारी जमीन.

जगातल्या सगळ्या पेंग्विनमध्ये हा सर्वांत लहान. उंची ३० ते ३५ सेंटीमीटर, म्हणजे मुलांच्या दप्तरातल्या फूटपट्टीहून जरा जास्त. वजन एक किलोच्या आसपास. पाठ निळसर, पोट पांढरं. इंग्रजीत त्याचं नाव ‘लिटल पेंग्विन’, आणि न्यूझीलंडचे माओरी लोक त्याला ‘कोरोरा’ म्हणतात. आपण त्याला छोटा पेंग्विन म्हणू या.

त्याचा दिवस कसा जातो बघा. पहाट व्हायच्या आत तो समुद्रात उतरतो. दिवसभर पोहतो, बुड्या मारतो, लहान मासे आणि माकूळ पकडतो. अंधार पडायला लागला की किनाऱ्याकडे वळतो. पण एकटा येत नाही. पाण्यात सगळे थांबतात, एकमेकांची वाट बघतात, घोळका जमला की मगच वाळूवर पाऊल टाकतात. कारण समुद्रात जो चपळ असतो, तो जमिनीवर अगदी दुबळा होतो. उडता येत नाही, पळता येत नाही. दिवसाउजेडी वर आला तर शिकारी पक्षी टिपतील. म्हणून अंधाराचा आडोसा आणि सोबतीचा आधार. कधी कधी चार पावलं पुढे येतात, काहीतरी खुट्ट होतं, आणि सगळे परत पाण्यात पळतात. पुन्हा जमतात, पुन्हा निघतात. वाळूचा तो पट्टा ओलांडणं ही त्यांची रोजची परीक्षा.

पलीकडे गवतात, मातीत त्यांची बिळं. मादी बहुधा दोन अंडी घालते. नर आणि मादी आळीपाळीने उबवतात, साधारण पाच आठवडे. एक घरी, एक समुद्रावर. पिल्लं बाहेर आली की पहिले दोन-तीन आठवडे एक जण सतत त्यांच्यापाशी बसून असतो. पुढे पिल्लांची भूक इतकी वाढते की दोघांनाही समुद्रावर जावं लागतं. पिल्लं दिवसभर बिळात एकटी. आणि आठ-नऊ आठवड्यांची झाली की ती स्वतः समुद्राकडे चालू लागतात. आई-बाप त्यांना पोहायला शिकवत नाहीत. शिकार कशी करायची हे दाखवत नाहीत. पिल्लू एकटं जातं. त्यातली बरीच पहिलं वर्षही पुरं करत नाहीत. जी जगतात ती पुढे बहुतेक करून आपल्या जन्मजागेच्या आसपास परत येतात.

वर्षातून एकदा अंगावरची सगळी पिसं गळून नवी येतात. हे काम दोन-अडीच आठवड्यांचं. तेवढे दिवस अंगात पाणी शिरतं, म्हणून समुद्रात जाता येत नाही, म्हणजेच जेवता येत नाही. म्हणून आधी खाऊन खाऊन अंगावर चरबी साठवायची आणि मग उपाशी, गप्प, एका जागी बसून राहायचं.

एवढं वाचून कुणी म्हणेल, वा, काय तपस्वी पक्षी! किंवा, बघा, जन्मभराची जोडी कशी असते! पण आपण जरा जपून बोलू या. छोट्या पेंग्विनच्या जोड्या मोडतातसुद्धा. फिलिप बेटावर अभ्यासकांनी वर्षानुवर्षं नोंदी ठेवल्या आहेत. ज्या हंगामात पिल्लं नीट वाढत नाहीत, त्याच्या पुढच्या हंगामात जोडीदार बदलण्याचं प्रमाण वाढतं, असं त्यांत दिसलं. पेंग्विन संत नाही आणि पापीही नाही. तो पेंग्विन आहे. त्याच्याकडून नीती शिकायची नसून त्याच्याशी माणसं कशी वागली, यातून शिकायचं आहे.

प्रेम करणारेच वाटेत

फिलिप बेट मेलबर्नपासून रस्त्याने साधारण १४० किलोमीटर. त्याच्या पश्चिमेच्या टोकाला समरलँड नावाचा भाग आहे. १९२०च्या दशकापासूनच लोक हातात टॉर्च घेऊन इथे रात्री पेंग्विन बघायला येऊ लागले. त्यांना तो पक्षी आवडला. जागाही आवडली. जमिनीचे तुकडे पाडले गेले, विकले गेले, सुट्टीत राहायची घरं बांधली गेली. रस्ते झाले. घरांबरोबर कुत्री आली, मांजरं आली, मोटारी आल्या.

या माणसांना पेंग्विन नकोसे होते असं मुळीच नव्हतं. उलट, घराच्या अंगणात संध्याकाळी पेंग्विन येतो, हेच त्या घराचं मोठं कौतुक. पण जिथे अंगण झालं तिथे आधी बीळ होतं. जो रस्ता घरापर्यंत जात होता, तोच पेंग्विनची वाट कापून जात होता. रात्री गाडीखाली पक्षी सापडायचे. मोकळी सुटलेली कुत्री त्यांना मारायची. आणि इंग्रजांनी शिकारीच्या हौसेपायी ऑस्ट्रेलियात आणलेला तांबडा कोल्हा होताच. बेटावर एकेकाळी पेंग्विनच्या दहा वसाहती होत्या. १९८०च्या दशकापर्यंत एकच उरली, ती समरलँडची. तीही घसरणीला लागलेली. अभ्यासकांनी इशारा दिला की असंच चालू राहिलं तर हीसुद्धा संपेल.

तेव्हा व्हिक्टोरिया राज्याच्या सरकारने १९८५ साली एक निर्णय घेतला, ज्याची आजही नवलाने आठवण काढली जाते. पेंग्विनना दुसरीकडे हलवायचं नाही. माणसांनीच हलायचं. समरलँडमधली घरं आणि रिकामे प्लॉट, सगळं सरकारने मालकांकडून विकत घ्यायचं आणि ती जमीन पक्ष्यांना परत द्यायची. दीडशेहून जास्त घरं आणि शेकडो प्लॉट. हे काम एका फटक्यात झालं नाही. शेवटचा तुकडा विकत घेतला गेला तेव्हा २०१० साल उजाडलं होतं. पंचवीस वर्षं लागली!

आता इथे थांबून विचार करू. त्या घरांत राहणाऱ्यांचं काय? कुणाच्या वडिलांनी पैसा पैसा साठवून ते घर बांधलं असेल. कुणाच्या मुलांच्या सगळ्या सुट्ट्या तिथे गेल्या असतील. सरकारने मोबदला दिला, हे खरं. पण उंबरठ्याची किंमत कुठल्या कागदावर लिहिता येते? आपल्यातल्या ज्यांचं गाव धरणात गेलं, ज्यांचा वाडा रस्ता-रुंदीकरणात गेला, त्यांना हे वेगळं सांगायला नको. म्हणून समरलँडची गोष्ट सांगताना ‘सरकारने किती छान केलं’ एवढ्यावर भागत नाही. कुणीतरी आपली आवडती जागा सोडली, तेव्हा कुठे कुणाला तरी आपली गरजेची जागा मिळाली. एकाची आवड आणि दुसऱ्याचं जगणं समोरासमोर आलं, तर आवडीने सरावं, असा तो निवाडा होता. आम्हाला तो योग्य वाटतो. पण तो फुकट झाला नाही, हेही आम्हाला तितकंच महत्त्वाचं वाटतं.

घरं गेल्यावर तिथे नुसतं रान माजू दिलं नाही. परकं तण उपटलं, तिथलीच मूळची झाडं-झुडपं लावली. बिळं कमी पडतात तिथे लाकडी पेट्या ठेवल्या. २०१९ साली पाहुण्यांसाठी नवं केंद्र उघडलं, तेव्हा जुन्या केंद्राखालची जागासुद्धा पक्ष्यांच्या वस्तीसाठी मोकळी करण्यात आली. आज या वसाहतीत तीस हजारांहून जास्त छोटे पेंग्विन आहेत. जिथे दिवाणखाना होता तिथे आता पिल्लं वाढतात.

कोल्ह्याचं काय?

या गोष्टीतला एक भाग आपल्याला अडचणीत टाकणारा आहे, म्हणून तो गाळायचा नाही. फिलिप बेटावरचे कोल्हे अनेक वर्षं पाठलाग करून मारले गेले. २०१७ साली बेट कोल्हामुक्त झाल्याचं जाहीर झालं. कोल्ह्याचा गुन्हा काय? तो स्वतःहून समुद्र ओलांडून आला नव्हता. त्याला माणसाने आणलं. तो भूक लागली की खातो, हाच त्याचा धर्म. आणि तरी तो राहिला असता तर पेंग्विन उरले नसते. आपल्यासारख्या अहिंसेवर श्रद्धा असलेल्या माणसांनी इथे सोपं उत्तर देऊ नये. हिंसा त्या दिवशी सुरू झाली नाही. ज्या दिवशी शिकारीच्या मौजेसाठी कोल्हा जहाजात चढवला, त्या दिवशी ती सुरू झाली. आपण एखादी गोष्ट हौसेने आणतो, आणि तिची परतफेड शंभर-सव्वाशे वर्षांनी भलत्याच कुणाला तरी करावी लागते.

यावर दुसरी एक वाट त्याच राज्यात, वॉर्नांबूल गावाजवळ सापडली. तिथे किनाऱ्याला लागून ‘मिडल आयलंड’ नावाचं इवलंसं बेट आहे. ओहोटीला पाणी उतरलं की कोल्हे थेट चालत बेटावर जायचे. १९९९च्या सुमारास तिथे शेकडो पेंग्विन होते. २००५ साली मोजले तर दहासुद्धा भरेनात. तेव्हा ‘स्वॉम्पी’ या टोपणनावाने ओळखले जाणारे मार्श नावाचे एक शेतकरी पुढे आले. ते मोकळ्या रानात कोंबड्या पाळत आणि राखणीला मारेमा जातीची इटालियन मेंढपाळी कुत्री ठेवत. ते म्हणाले, हीच कुत्री पेंग्विनसाठी का नको? २००६ साली ‘ऑडबॉल’ नावाची कुत्री बेटावर सोडली. ती कोल्ह्याला मारायची नाही. ती नुसती तिथे असायची, तिचा वास असायचा, तिचं भुंकणं असायचं. कोल्हा फिरकेना. पेंग्विन पुन्हा वाढू लागले, शंभराच्या वर गेले. पुढे ‘युडी’ आणि ‘टुला’ या दोन कुत्र्यांनी राखण सांभाळली. छोट्या पेंग्विनच्या शास्त्रीय नावाचे दोन तुकडे करून त्यांची नावं ठेवलेली. ऑडबॉलवर २०१५ साली सिनेमाही निघाला.

पण २०१७ साली समुद्र खवळलेला होता, कुत्र्यांना बेटावर नेता येईना. तेवढ्या फटीत कोल्हा पोचला. जवळपास १४० पेंग्विन मारले गेले. बघा, राखण कशी असते. दहा वर्षं केलेली राखण काही दिवस चुकली तर ती दहा वर्षं आडवी येत नाहीत. आपल्या साधनेचंही असंच नाही का? काल किती जप झाला, हे आजच्या रागाला माहीत नसतं.

भलं करताना

तिसरी गोष्ट ऑस्ट्रेलियाच्या दक्षिणेकडच्या टास्मानिया राज्यातली, आणि ती सगळ्यांत अवघड.

टास्मानियात ‘टास्मानियन डेव्हिल’ नावाचा प्राणी आहे. लहान कुत्र्याएवढा, काळा, पोटाला पिशवी असलेला मांसाहारी प्राणी. नाव सैतानाचं असलं तरी तो सैतान नव्हे. त्याच्यात तोंडावर गाठी होण्याचा एक भयंकर रोग पसरला. हा कर्करोग एकाने दुसऱ्याला चावल्यावर पसरतो. जात नष्ट होईल की काय अशी भीती निर्माण झाली. म्हणून २०१२ साली काही निरोगी डेव्हिल मारिया नावाच्या बेटावर नेऊन सोडले. तिथे रोग नव्हता. हेतू अगदी शुद्ध, आणि तो सफलही झाला. डेव्हिल तिथे वाढले.

मारिया बेटावर छोटे पेंग्विनही होते. सुमारे तीन हजार जोड्या. जमिनीवर त्यांच्या वाट्याला असा शिकारी कधी आलाच नव्हता. २०२१ साली पक्षी-अभ्यासकांनी सांगितलं की त्या बेटावरची पेंग्विनची वसाहत संपली. एकही उरला नाही.

आता कुणाला दोष द्यायचा? डेव्हिल वाचवणारे वाईट नव्हते. डेव्हिलनाही जगायचं होतंच. आपल्याकडे शिबी राजाची गोष्ट आपण मुलांना सांगतो. कबुतर शरण आलं, मागोमाग ससाणा आला आणि म्हणाला, हे माझं अन्न आहे, ते हिरावून घेतलंस तर मी मरेन. त्या गोष्टीत आपण शिबीने आपलं मांस कापून दिलं याचंच कौतुक करतो. पण त्याच्या आधीची पायरी जास्त महत्त्वाची आहे. शिबीने ससाण्याचं म्हणणं ऐकून घेतलं. त्याने ससाण्याला हाकललं नाही, आणि कबुतरही दिलं नाही. दोघांचाही हिशेब मांडला, आणि मधली तूट स्वतःच्या अंगातून भरून काढली. आपण बहुतेक वेळा उलटं करतो. ज्याच्यावर आपली माया जडली त्याचा हिशेब मांडतो, आणि तूट तिसऱ्याच कुणाच्या तरी अंगातून कापतो. तो तिसरा समोर बोलायला नसतो, म्हणून आपल्याला कळतही नाही.

हेतू शुद्ध असावा हे खरंच. पण शुद्ध हेतू म्हणजे डोळे मिटून घ्यायची परवानगी नव्हे. ‘माझं मन साफ आहे’ एवढ्याने समोरच्याची जखम भरत नाही.

स्वेटर कुणासाठी?

एक हलकी गोष्टही सांगतो. समुद्रात जहाजाचं तेल सांडलं की पेंग्विनची पिसं चिकटतात, अंगात पाणी शिरतं, आणि चोचीने पिसं साफ करताना ते विषारी तेल पोटात जातं. २००१ साली फिलिप बेटाजवळ असं तेल सांडलं, ४३८ पेंग्विन माखले, आणि माणसांच्या मेहनतीने त्यांतले ९६ टक्के वाचले. आंघोळ घालण्याइतकी ताकद पक्ष्यात येईपर्यंत त्याने चोच मारू नये, म्हणून त्याला लोकरीचं छोटं स्वेटर घालतात. हे स्वेटर घरोघरी लोकांनी विणून पाठवलेले. त्यांत अल्फी डेट नावाचे शंभरी ओलांडलेले आजोबाही होते.

किती गोड गोष्ट! जगभर पसरली. आणि मग जगभरातून स्वेटर यायला लागले. इतके आले, की तेवढे पेंग्विनच नव्हते. तेल रोज सांडत नाही, आणि न सांडणं हेच बरं. शेवटी जास्तीचे स्वेटर खेळण्यातल्या पेंग्विनना घालून विकायला ठेवले. त्यातून पक्ष्यांसाठी पैसे उभे राहिले, म्हणजे श्रम वाया गेले नाहीत. पण प्रश्न उरतोच. आपण विणतो ते त्याला गरज आहे म्हणून, की आपल्याला विणताना बरं वाटतं म्हणून? दोन्ही असायला हरकत नाही. विणायच्या आधी एकदा ‘किती हवेत?’ एवढं विचारलं म्हणजे झालं. पूरग्रस्तांना आपण जुने कपडे पाठवतो, तेव्हाही हेच विचारायला हवं.

फोटो नाही, दर्शन

आता त्या फोटोच्या तक्रारीकडे येऊ. समरलँडच्या किनाऱ्यावर संध्याकाळी लोक पायऱ्यांवर गप्प बसतात, आणि समोरून पेंग्विन वाळू ओलांडून घरी जातात. तिथे फोटो आणि व्हिडिओ काढायला मनाई आहे. अंधाराला सरावलेल्या डोळ्यांवर फ्लॅशचा झोत पडला तर पक्षी बावचळतो, माघारी पळतो, आणि बिळात भुकेली पिल्लं वाट बघत राहतात. आपल्या मोबाइलमध्ये आणखी एक चित्र वाढणार, आणि त्यासाठी एका पिल्लाचं जेवण लांबणार. निघताना आपल्या गाडीखाली वाकून बघा, कुणी बसलं तर नाही ना, असंही तिथे सांगतात.

आपल्याला ही गोष्ट नवी नाही. गाभाऱ्यासमोर आपण काही क्षणच उभे राहतो. मूर्ती घरी न्यायची नसते. डोळे भरून बघायचं, हात जोडायचे, आणि मागच्याला जागा द्यायची. दर्शन घेणं आणि जागा सोडणं या दोन गोष्टी आपल्या परंपरेत एकत्रच आहेत. मागच्याला जागा न देणाऱ्याला आपण मोठा भक्त म्हणत नाही, खोळंबा करणारा म्हणतो.

मग काहीच करायचं नाही का?

कुणी विचारेल, बाजूला होणं म्हणजे अंग काढून घेणं नाही का? ‘तुझं तू बघ’ म्हणणाऱ्यालाही मग सेवेकरी म्हणायचं?

नाही. इथे नीट फरक करू. पेंग्विनचे आई-बाप पहिले दोन-तीन आठवडे पिल्लाला क्षणभर सोडत नाहीत. त्यानंतर बाहेर पडतात ते पिल्लासाठीच. समरलँडमध्ये माणसं बाजूला झाली ती पाठ फिरवून नव्हे. तण उपटत, झाडं लावत, मोजदाद करत, राखण करत बाजूला झाली. पाठ फिरवणारा आपली जबाबदारी खाली ठेवतो. वाट देणारा जबाबदारी उचलून धरतो, फक्त आपला हक्क खाली ठेवतो. दोघेही बाहेरून मागे सरलेलेच दिसतात. ओळखायचं कसं? मागे सरल्यावर तो काय करतो ते बघायचं.

भागवतातला भरत राजा आठवा. राज्य, संसार सगळं सोडून तो नदीकाठी तपाला बसला. एक आईवेगळं हरणाचं पाडस वाहून जाताना त्याने वाचवलं. वाचवलं ते योग्यच. ती दया. पण पाडस मोठं झालं तरी भरताचं मन त्याला सोडेना. जरा नजरेआड झालं की जीव कासावीस. प्राण गेला तोही त्याच ध्यासात, आणि पुढचा जन्म हरणाचा आला. पाण्यातून उचलणं ही दया होती. रानात जाऊ न देणं हा मोह होता. दोन्ही त्याच हातांनी झालं, आणि कुठे एक संपून दुसरं सुरू झालं हे त्या हातांना कळलं नाही.

आपल्या घरात बघू. मुलाचा संसार दूरदेशी सुरू झाला, तरी रोज व्हिडिओ कॉलवर त्यांच्या फ्रिजमध्ये काय आहे हे विचारणं, ही काळजी की मोह? सत्तरीच्या सासूबाईंच्या हातातून प्रत्येक वेळी झारा काढून घेत ‘आई, तुम्ही बसा’ म्हणणं, ही सेवा की त्यांची जागा घेणं? कदाचित तो चहा स्वतः करण्यातच त्यांचा दिवस उभा असेल. मुलगा दहावीला आहे म्हणून सगळं घर त्याच्या टेबलाभोवती उभं राहतं, तेव्हा त्याच्या वाटेत कोण उभं असतं?

आणि एक गोष्ट विसरायची नाही. बऱ्याच घरांत वाट देणारं माणूस नेहमी एकच असतं. बहुतेक वेळा ती घरातली सून असते, किंवा न बोलणारी आई. ‘तिला सवय आहे’ असं म्हणून आपण तिचं आणखी थोडं अंगण घेतो. ती वाट तिने दिलेली नसते, तिच्याकडून घेतलेली असते. समरलँडच्या मालकांना निदान मोबदला मिळाला आणि त्यांनी काय सोडलं याची नोंद राहिली. घरातल्या माणसाला तेवढंही मिळत नसेल, तर तिथे वाट द्यायची पाळी आता दुसऱ्या कुणाची तरी आहे.

म्हणून या आठवड्यात घरी सगळ्यांनी मिळून तीन प्रश्न विचारून बघू या.

१) ज्याच्यावर माझी माया आहे, त्याच्या वाटेत मी कुठे उभा आहे, उभी आहे?

२) मी बाजूला झालो, झाले, तर त्यानंतर माझी राखण कोणती?

३) आपल्या घरात नेहमी कोण सरकतं? आता सरकायची पाळी कुणाची?

उत्तरं इथे ग्रुपवर टाकायलाच हवीत असं नाही. जेवताना बोललं तरी पुरे. लहान मुलांना आधी पेंग्विनची गोष्ट सांगा. घोळका जमेपर्यंत पाण्यात थांबणारे ते पक्षी त्यांना लगेच कळतील. त्यानंतर तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांच्या आधी मुलंच देतील. तेव्हा त्यांना गप्प करू नका.

 पुढच्या अंकात भेटू. हा अंक आपल्या घरच्या ग्रुपवर जरूर पाठवा, आणि मेलबर्नला कुणी जाणार असेल तर त्यांना आवर्जून सांगा की संध्याकाळी फोन खिशात ठेवा, निघताना गाडीखाली वाकून बघा.